फिरतं की अंधारतं? गरोदरपणातली चक्कर आणि कानातला तोल

गरोदर बाईनं "चक्कर येते" म्हटलं की घरात उत्तरं तयारच असतात. पित्त झालं असेल. रक्त कमी असेल. सकाळपासून पोटात काही नसेल. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, "या दिवसांत असं व्हायचंच गं!" यातली बरीचशी उत्तरं बऱ्याचदा बरोबरही ठरतात. म्हणूनच एखाद्या वेळी चुकतात तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या वहिनीला सातव्या महिन्यात रात्री कूस बदलताना चक्कर यायची. डाव्या कुशीवर वळली की बंद असलेला पंखा छतासकट फिरायला लागायचा. वीसेक सेकंदांत सगळं शांत. बीपी मोजलं, ठीक. हिमोग्लोबिन ठीक. लिंबू सरबत झालं, खजूर झाले, आवळा सुपारी उशाशी आली. आईनं दृष्टसुद्धा काढली. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्या बाईंनी खुर्चीवर बसता बसता विचारलं, "फिरतं की अंधारतं?"

"फिरतं. गरागरा."

"कूस बदलली की?"

"हो."

निम्मं निदान तिथेच झालं. उरलेलं कसं झालं ते पुढे सांगतो, कारण आधी तो प्रश्न समजून घ्यायला हवा.

खरं तर आपल्या भाषेला हा फरक केव्हापासूनचा ठाऊक आहे. भोवळ येते, घेरी येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, गरगरतं, झोक जातो, तोल सुटतो, डोकं हलकं होतं, मळमळून गाडी लागल्यासारखं होतं. दवाखान्याच्या दारात पाऊल टाकलं की मात्र या सगळ्यांची मिळून एकच 'चक्कर' होते. डॉक्टरही घाईत असतात, ते चक्करवर उपाय लिहितात. पण अंधारी येण्याचा संबंध बहुतेक वेळा रक्ताभिसरणाशी असतो. गरगरण्याचा संबंध बहुतेक वेळा कानाशी. झोक जाण्यात पाय, पाठ, डोळे आणि कान अशा सगळ्यांचाच हात असतो.

कानात तोल कुठे असतो?

दिसतो तो कान आणि कानाचा पडदा ही झाली ओसरी. माजघर पार आत, कवटीच्या एका हाडात कोरलेलं असतं. शरीरातल्या सर्वांत कठीण हाडांत त्याची गणना होते. त्या पोकळीत पाण्यानं भरलेला शंखासारखा एक भाग ऐकण्याचं काम करतो. त्याच्याच शेजारी, त्याच पाण्यावर चालणारं दुसरं यंत्र आहे, ते तोलाचं. दोन्हीकडून निघणारे मज्जातंतू एकत्र होऊन मेंदूकडे जातात. म्हणूनच आतल्या कानाच्या काही दुखण्यांत चक्कर, कानातला गुंजारव आणि कमी ऐकू येणं एकत्र येतं.

तोलाच्या यंत्राचे दोन भाग. पहिला म्हणजे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या. तीन बारीक बांगड्या डोळ्यांसमोर आणा. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात भेटतात, तशा या बांगड्या बसवलेल्या आहेत. मान हलवून 'नाही' म्हटलं की एक चाळवते, 'हो' म्हणताना किंवा मान खांद्याकडे कलवताना दुसऱ्या दोन. प्रत्येकीत पाणी आहे आणि वाटेत जेलीसारखा एक मऊ पडदा आडवा उभा आहे. पाण्यानं भरलेला तांब्या झटकन फिरवून पाहा. तांब्या फिरतो, पाणी क्षणभर मागे राहतं. इथेही तेच होतं. डोकं फिरतं, पाणी मागे राहतं, पडदा वाकतो आणि त्याच्या बुडाशी असलेल्या केसाळ पेशी मेंदूला कळवतात की डोकं अमुक दिशेला, अमुक वेगानं फिरलं.

फुगडी घातलेल्या प्रत्येकीनं या पाण्याचा अनुभव घेतलेला आहे. बराच वेळ गरगर फिरलं की पाणीही बांगडीबरोबर फिरू लागतं. मग आपण थांबतो, बांगडी थांबते, पण पाणी काही क्षण वाहतच राहतं. पडदा उलट्या बाजूला वाकतो आणि मंगळागौरीचं अख्खं घर फिरायला लागतं. पाय स्थिर, डोळे उघडे, आणि तरीही भिंती पळताहेत. खरी भोवळ असते ती अशीच. फरक इतकाच की आजारात ती फुगडी न घालता येते.

दुसरा भाग म्हणजे दोन लहान पिशव्या. खरवसाची वडी घ्या आणि तिच्यावर खसखस पेरा. ताट कललं की खसखशीच्या भारानं वडीचा वरचा थर किंचित ओढला जातो. या पिशव्यांमध्येही जेलीचा थर आणि त्यावर अगदी सूक्ष्म खडे असतात. हे खडे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे ज्याचा शिंपला बनतो त्याच पदार्थाचे. डोकं किती कललंय, लिफ्ट वर चालली की खाली, बसनं ब्रेक लावला का, ही खबर ते देतात. गुरुत्वाकर्षण ओळखणारं हे आपलं खास इंद्रिय. पंचेंद्रियांच्या यादीत मात्र त्याला जागा मिळाली नाही.

या यंत्राची चपळाई पाहायची असेल तर हा लेख वाचता वाचता 'नाही नाही' म्हणत मान डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून मोबाइल तेवढ्याच वेगानं हलवा. अक्षरं पुसट होतात. मान हलते तेव्हा कान डोळ्यांना उलट्या दिशेनं वळायला सांगतो, आणि हा निरोप साधारण ७ ते १० मिलिसेकंदांत पोचतो. पापणी लवायला याच्या दहापटीहून जास्त वेळ लागतो. ही जोडी बिघडली की डोळे आपोआप एका बाजूला सरकून झटक्यानं परत येऊ लागतात. डॉक्टर चक्करवाल्या रुग्णाच्या डोळ्यांत टक लावून पाहतात, ते यासाठी.

तोल एकटा कान सांभाळत नाही. डोळे सांगतात समोर काय आहे, तळपाय आणि सांधे सांगतात खाली काय आहे, कान सांगतो डोकं कुठे आहे. मेंदू तिघांच्या खबरा जुळवून पाहतो. जुळल्या की आपल्याला काहीच जाणवत नाही. न जुळल्या की चक्कर, मळमळ किंवा दोन्ही. गरोदरपणात एकाच वेळी या तिन्ही खबऱ्यांच्या कामात थोडी थोडी ढवळाढवळ होते.

आधी अंधारीची गोष्ट

ही लवकर आटोपतो, कारण याबद्दल बरंच बोललं जातं. गरोदरपणात रक्ताचं एकूण प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. मात्र त्यातला पाण्याचा भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिनचा आकडा खाली दिसतो. ते ११ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला पंडुरोग धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत तो आढळला, तेव्हा घरातल्या मंडळींचं 'रक्त कमी असेल' हे वाक्य काही उगाच आलेलं नाही. शिवाय प्रोजेस्टेरॉनसारख्या संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैल होतात आणि बीपी मधल्या महिन्यांत सर्वांत खाली उतरतं. चटकन उठलं, गर्दीत बराच वेळ उभं राहिलं, संकष्टीचा कडक उपास केला, की डोळ्यांपुढे काजवे. पाचव्या महिन्यानंतर उताणं झोपलं तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं आणि घाम फुटून घाबरल्यासारखं होतं. कुशीवर वळलं की बरं वाटतं. कुशीवर, त्यातही डाव्या, झोपायचा सल्ला यातूनच आलेला आहे.

या सगळ्यात कान निर्दोष आहे. इथे खोली फिरत नाही, ती विझत जाते. बसलं, पडलं, काही खाल्लं की परत उजळते.

कानातलं पाणी आणि गरोदरपणाचं पाणी

आता कानाकडे वळू. आतल्या कानात दोन तऱ्हेचं पाणी असतं. बाहेरच्या पाण्यात शरीरातल्या इतर द्रवांसारखंच सोडियम जास्त असतं. आतल्या पाण्यात उलट पोटॅशियम जास्त. मधे पातळ पापुद्रा. सगळं मिळून जेमतेम चार-पाच थेंब. पण हा फरक नीट राखला गेला तरच केसाळ पेशींची वीज चालते. आतलं पाणी फाजील झालं, पिशवी फुगली, की ऐकणं आणि तोल दोन्ही बिघडतात.

गरोदर शरीर पाणी साठवतं, आणि थोडंथोडकं नाही. बाळ, वार, गर्भजल, आईचं वाढलेलं रक्त आणि सूज धरून नऊ महिन्यांत साधारण ६ ते ८ लिटर. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढतं, तसं रक्तही थोडं विरळ होतं. क्षारांची तीव्रता मोजायचं जे माप आहे त्यात एरवी २८५ ते २९० च्या आसपास असणारा आकडा गरोदरपणात १० नं खाली येतो, आणि तोही पहिल्याच काही आठवड्यांत. मेंदूतली तहानेची खूणच खाली सरकलेली असते. म्हणून गरोदर बाईला तहान लवकर लागते.

बहुतेक कान हा बदल निमूट पचवतात. पण ज्या बाईला आधीपासून मेनिएरचा आजार आहे तिचं काय? यात आतल्या पाण्याची पिशवी फुगते. झटका २० मिनिटांपासून काही तासांपर्यंत चालतो, एका कानात दडा बसतो, घूं-घूं आवाज येतो, कमी ऐकू येतं. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९७ साली अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली. गरोदरपणाच्या सुरुवातीला, रक्त विरळ झालं त्याच काळात, तिचे झटके वाढले होते. एका बाईवरून नियम बांधता येत नाही, पण पाण्याचं गणित पाहता हे अनपेक्षितही नाही.

या आजाराच्या नावामागचे प्रॉस्पर मेनिएर हे पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर होते. १८६१ साली त्यांनी मांडलं की अशी चक्कर मेंदूत रक्त साचल्यानं येत नाही, ती कानातून येते. तोवर असे झटके आले की जळवा लावून रक्त काढायची रीत होती. कानाकडे न बघता भलत्याच ठिकाणी उपचार करायची सवय जुनीच म्हणायची.

संप्रेरकांचाही कानाशी थेट संबंध आहे. इस्ट्रोजेन ओळखणारे कण आतल्या कानात सापडलेले आहेत. तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात गरोदर स्त्रियांची खालच्या पट्टीतले आवाज ऐकण्याची क्षमता किंचित घटलेली दिसली, आणि बाळंतपणानंतर ती परत आली. शिवाय नाकाघशाची त्वचा सुजते, कान बंद झाल्यासारखे वाटतात, आपलाच आवाज डोक्यात घुमतो. हा त्रास मधल्या कानाच्या नळीचा असतो, त्याचा भोवळीशी फारसा संबंध नाही.

इस्ट्रोजेनची दुसरी करामत अर्धशिशीत दिसते. डोकेदुखीऐवजी किंवा तिच्याबरोबर तासन् तास गरगरण्याचा एक प्रकार आहे, त्याला व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात. अर्धशिशी इस्ट्रोजेनच्या चढउतारावर नाचते. गरोदरपणात इस्ट्रोजेन वर जाऊन टिकून राहतं, म्हणून पुष्कळ जणींची अर्धशिशी चौथ्या महिन्यापासून गप्प बसते. बाळंतपणानंतर ते एकदम कोसळतं, त्यात रात्रीची जागरणं, आणि ती परत हजर होते. अशा बाळंतिणीला 'अशक्तपणा आहे' म्हणून नुसते डिंकाचे लाडू खायला घालणं म्हणजे दुखणं एक आणि औषध दुसरं. लाडू खावेत, पण डोकं दुखतं का, उजेड सोसत नाही का, हेही विचारावं.

गाडी लागणं आणि कोरड्या उलट्या

गरोदर स्त्रियांपैकी ७० ते ८० टक्क्यांना मळमळ होते. सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू, नवव्याच्या सुमारास कळस, आणि बहुतेकींची चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत उतरते. याचं मूळ कानात नाही. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनानं जीडीएफ-१५ नावाच्या संप्रेरकावर बोट ठेवलं. बाळ आणि वार ते आईच्या रक्तात सोडतात, आणि मेंदूच्या बुडाशी असलेल्या उलटीच्या केंद्रावर ते काम करतं. गरोदर होण्याआधी ज्यांच्या रक्तात ते कमी होतं, त्यांना त्याची सवय नसते, म्हणून त्रास जास्त. 'मनाचे खेळ' म्हणून ज्यांची बोळवण झाली, त्या सगळ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मग कान इथे कशाला? कारण उलटीच्या त्याच परिसरात कानाच्या तारा येऊन मिळतात. ज्यांना एरवी गाडी लागते किंवा अर्धशिशी आहे, त्यांना गरोदरपणातली मळमळही जास्त होते. बसमध्ये मोबाइल वाचताना डोळे सांगतात 'आपण स्थिर', कान सांगतो 'घाटातलं वळण', आणि मेंदूचा गोंधळ पोटावर निघतो. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही, कारण वळण येणार हे त्याच्या डोळ्यांना आधीच कळतं.

गाडी लागण्यात कानाचा हात किती मोठा आहे याचा एक झकास पुरावा अमेरिकेत सापडला. अंतराळात माणूस पाठवण्याच्या तयारीत, १९५० च्या दशकाच्या शेवटी, नासा आणि तिथल्या नौदलानं गॅलॉडेट कॉलेजमधले ११ बहिरे पुरुष निवडले. त्यांच्यापैकी दहा जणांचं ऐकणं लहानपणीच्या मेंदूज्वरानं गेलं होतं, आणि त्याबरोबर तोलाचं यंत्रही निकामी झालं होतं. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात बोट इतकी हेलकावली की संशोधकच आडवे झाले आणि प्रयोग थांबवावा लागला. ज्यांच्यावर प्रयोग चालला होता ते मजेत पत्ते कुटत बसले होते.

तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी जाताना आंबोली किंवा कुंभार्ली घाट लागणार असेल तर पुढच्या सीटवर बसा, नजर लांब रस्त्यावर ठेवा आणि मोबाइल पर्समध्ये राहू द्या.

उलट्यांबाबत एक गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. काही जणींच्या उलट्या आटोक्यातच येत नाहीत. आठवडेच्या आठवडे पोटात काही ठरत नाही, वजन उतरतं. अशा वेळी शरीरातला ब-१ जीवनसत्त्वाचा साठा संपू शकतो, कारण तो मुळातच थोड्या आठवड्यांचा असतो. मग चालताना झोकांड्या जातात, डोळे थरथरतात, एकाची दोन दिसतात, बोलण्यात असंबद्धपणा येतो. ही कानाची चक्कर नाही आणि अशक्तपणाही नाही. मेंदूला धोका पोचत असतो, आणि उपचाराला तासांचा हिशेब लागतो. अशा बाईला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून भागत नाही, उलट ब-१ न देता ग्लुकोज गेलं तर बिघडू शकतं. नातेवाइकांनी डॉक्टरांना 'उलट्या किती आठवड्यांपासून आहेत' हे न विसरता सांगावं.

सुटलेले खडे

आता वहिनीकडे. खरवसावरची खसखस आठवते ना? तिचे काही दाणे कधीकधी सुटतात आणि घरंगळत शेजारच्या बांगडीत, बहुतेक वेळा मागच्या नळीत जातात. डोकं स्थिर असलं तर गुपचूप पडून राहतात. कूस बदलली, माळ्यावरचा डबा काढायला मान वर केली, रांगोळीला वाकलं, की दोन-चार सेकंदांनी ते खाली सरकतात, पाणी ओढतात, पडदा वाकतो. डोकं थांबलंय तरी कान ओरडतो, 'फिरतंय!' दाणे तळाला बसले की मिनिटाच्या आत सगळं थांबतं. याचं नाव बीपीपीव्ही. भोवळीच्या सगळ्या प्रकारांत हा फार नेहमीचा. पन्नाशीनंतर जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, पण गरोदरपणातही होतो.

गरोदरपणात का? बाळाच्या हाडांसाठी सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम आईकडून जातं, त्यातलं बरंचसं शेवटच्या तीन महिन्यांत. खडे कॅल्शियमचे, आणि कॅल्शियमचा कारभार ड जीवनसत्त्व आणि इस्ट्रोजेनच्या हाती. २०२० साली दक्षिण कोरियात झालेल्या चाचणीत, ड जीवनसत्त्व कमी असलेल्या बीपीपीव्हीच्या रुग्णांना ते आणि कॅल्शियम दिल्यावर चक्कर परत येण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. ती चाचणी गरोदर स्त्रियांवरची नव्हती, म्हणून तिचा अर्थ ताणू नये. दुसरं कारण जास्त घरगुती आहे. बराच काळ अंथरुणावर पडून राहणाऱ्यांना आणि सतत एकाच कुशीवर झोपणाऱ्यांना त्याच बाजूच्या कानात हा त्रास होताना दिसतो. 'बेडरेस्ट'वर ठेवलेली, डाव्या कुशीला चिकटलेली बाई यात बरोबर बसते. तरी कुशीवर झोपणं सोडायचं नाही. वळताना आधी थोडं उठून बसून मग दुसऱ्या कुशीला जायचं, उशी जरा उंच घ्यायची.

डॉक्टरीणबाईंनी वहिनीचं डोकं डावीकडे वळवून तिला पटकन आडवं केलं. पाठीखाली उशी, नवरा आधाराला. ही तपासणी लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली नीट लिहून ठेवली. दोन-तीन सेकंद काही नाही, मग वहिनीचे डोळे गोल झटके देऊ लागले. "हाच तो पंखा," ती म्हणाली. मग तिचं डोकं टप्प्याटप्प्यानं उजवीकडे, मग अंगासकट कुशीवर, मग बसतं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट थांबायचं. म्हणजे सुटलेले दाणे बांगडीतून गडगडवत परत मूळ पिशवीत नेऊन सोडायचे, जिथे ते कुणाला त्रास देत नाहीत. एखादी गोटी वाकड्या नळीतून नळी फिरवत बाहेर काढतात, तसं. ही युक्ती अमेरिकेतल्या ओरेगनमधले डॉक्टर जॉन एप्ली यांची. सहकाऱ्यांनी त्यांची बरीच वर्षं टर उडवली. इतका जुना त्रास डोकं फिरवून जातो यावर कोण विश्वास ठेवणार? १९९२ साली त्यांचा सविस्तर लेख छापून आला आणि हळूहळू जगभर ती पद्धत रुळली.

औषध नाही, क्ष-किरण नाही, म्हणूनच गरोदर बाईला हा उपाय सोयीचा आहे. पण व्हिडिओ पाहून घरी करू नका. कुठला कान, कुठली नळी हे आधी ठरायला हवं, आणि चक्कर येत असताना पलंगावरून पडण्याचा धोका वेगळाच. शेवटच्या महिन्यांत उताणं झोपणं जड जात असेल तर कुशीवर करायच्या पद्धतीही आहेत.

पाय, पाठ आणि न्हाणीघर

पोट पुढे आलं की शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो. बाई कंबर मागे झुकवून तो पायांवर आणते. यासाठी निसर्गानं बायकांच्या कण्याची घडणच किंचित वेगळी केली आहे. पुरुषांत कमरेचा बाक दोन मणक्यांच्या आकारात भागवला जातो, बायकांत तीन. लाखो वर्षांपूर्वीच्या मानवसदृश जीवाश्मांतही हा फरक दिसतो, असं २००७ साली 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास सांगतो.

पण सांध्यांचे बंध सैल, पायांना सूज, आणि जिना उतरताना स्वतःची पावलंच दिसत नाहीत. तळपायांची आणि डोळ्यांची खबर अशी पातळ झाली की कानावर भार वाढतो. पायांचा दाब मोजणाऱ्या पाटावर गरोदर स्त्रियांना उभं करून केलेल्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्या तिमाहीनंतर त्यांचं डोलणं वाढत गेलं. डोळे मिटल्यावर फरक अधिकच जाणवला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीही तो पुरता गेला नव्हता. आपल्याकडचा सव्वा महिना आठवा. बाळंतिणीला एकटीनं न्हाणीघरात न सोडण्यात जुन्या बायकांचा हिशेब काय होता कोण जाणे, पण तो या आठवड्यांशी जुळतो.

अमेरिकेत नोकरदार गरोदर स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत साधारण चौघींतली एक गरोदरपणात कधी ना कधी पडली होती. ओल्या फरशीवर, डोळ्यांत शिकेकाई जाऊ नये म्हणून डोळे गच्च मिटून उभ्यानं केस धुणं, हे तीनपैकी दोन खबरे एका दमात घालवणं आहे. स्टूल घ्या, बसून धुवा. रात्री लघवीला उठायचं असतंच, तेव्हा शून्याचा दिवा चालू ठेवा. भारनियमन असेल तर बॅटरी उशाशी.

कुठली चक्कर घरी थांबत नाही

पाचव्या महिन्यानंतर चक्करबरोबर डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे ठिणग्या दिसत असतील, चेहरा सुजला असेल, बरगड्यांखाली दुखत असेल, तर लगेच बीपी मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दवाखाना. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर 'बाळंतपण झाल्यावर बघू' म्हणू नका, त्याच्या उपचाराला पहिले काही दिवसच महत्त्वाचे असतात. बोबडी वळणं, चेहरा वाकडा होणं, हातातलं बळ जाणं, उभंच राहता न येणं, चक्करबरोबर रक्तस्राव किंवा पोटात तीव्र कळ: इथे १०८ ला फोन.

गोळ्यांबाबत एवढंच. औषधाच्या दुकानात 'चक्करची गोळी' मागितली की सहसा बीटाहिस्टिन हातात पडतं. गरोदरपणात ती किती निर्धोक आहे याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, आणि खडे सुटले असतील तर ती त्यांना जागेवर नेऊन ठेवत नाही. मळमळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ देतात ती डॉक्सिलामाइन आणि ब-६ ची जोडगोळी वेगळी. तीही एकदा बदनाम झाली होती. कोर्टकज्ज्यांना कंटाळून कंपनीनं १९८३ साली अमेरिकेत विक्री बंद केली, गर्भाला अपाय होत असल्याचा पुरावा काही निघाला नाही, आणि २०१३ साली तिला तिथे पुन्हा मंजुरी मिळाली. थोडक्यात, कुठली गोळी घ्यायची हे दुकानदारानं ठरवू नये, आणि शेजारणीनंही नाही.

डॉक्टरांकडे जाताना मात्र एवढं टिपून न्या: फिरतं की अंधारतं की नुसता झोक जातो, किती सेकंद किंवा किती तास, काय करताना, आणि कानात काही वाटतं का.

वहिनीची चक्कर दुसऱ्या खेपेला पूर्ण गेली. बाळ वेळेवर झालं. आईचा तोल असा डळमळत होता तेव्हा आत बाळाचं तोलाचं यंत्र केव्हाच तयार झालं होतं, कारण ते चौथ्या आठवड्याच्या सुमारास आकार घ्यायला लागतं आणि पाचव्या महिन्याच्या आसपास मोठ्या माणसाएवढं होतं. बारशाला आत्यानं आणलेल्या सोन्याच्या बिंदल्या वर्षाच्या आत मनगटाला घट्ट झाल्या. कानातल्या तीन बांगड्यांचं माप मात्र पोटात असताना ठरलं, तेच.